पाण्यातले व्याही

मखमलाबादच्या खंडेराव मंडलिकाचा मळा गुलाबाचा आणि शेवंतीचा. आजा झेंडू लावायचा, बाप गुलाब लावायचा, आणि खंडेरावानंही जन्मभर तेच करावं अशी सगळ्यांची समजूत होती. त्याची स्वतःचीसुद्धा. पण त्र्याण्णव साली तो देवळाली कॅम्पात एका रिटायर्ड कर्नलच्या बंगल्यावर फुलं पोचवायला गेला आणि तिथून डोक्यात समुद्र घेऊन परत आला.

बंगल्यात लग्नाची गडबड होती. नोकरानं त्याला हॉलमध्ये उभं केलं आणि स्वतः आत गेला तो गेलाच. समोरच्या भिंतीवर एक भलंमोठं जुनाट तैलचित्र टांगलेलं. वर काळंकुट्ट आभाळ, खाली काळंकुट्ट पाणी, मधे एक जहाज तिरकं होऊन बुडायला निघालेलं. आभाळात एकाच जागी भोक पडलं होतं, आणि तिथून उन्हाचा एक पट्टा सरळ खाली येऊन एका लहानशा होडीवर पडला होता. होडीत उभा राहून एक माणूस हातातला सदरा हलवत होता. त्याचा अर्धा चेहरा उजेडात, अर्धा काळोखात. बाकीची माणसं कुठं नुसता हात, कुठं नुसतं नाक, एवढीच दिसत होती.

खंडेराव बघतच राहिला. आतून बाईसाहेबांनी हाका मारल्या, त्या त्याला ऐकूच गेल्या नाहीत. शेवटी त्यांनी स्वतः बाहेर येऊन त्याच्या हातातली पाटी काढून घेतली, तरी याचे हात पाटी धरल्यासारखेच पुढे.

घरी येऊन त्यानं बायकोला, अंबूबाईला, सगळं सांगितलं.

"किती मानसं मेली?" अंबूबाईनं भाकरी थापता थापता विचारलं.

"मेली नाय अजून. मरायच्या बेतात हायेत."

"मग कुनी वाचवत का नाय त्यांना?"

"अगं, चित्र हाय ते!"

"चित्र असलं म्हनून काय झालं? बगत उभं ऱ्हायचं व्हय?" अंबूबाई म्हणाली आणि भाकरी उलटली.

खंडेरावाच्या हातात थोडी कला होती, नाही असं नाही. पोळ्याला गल्लीतले सगळे बैल तोच रंगवायचा. लग्नघरांच्या दाराशी हत्ती आणि चोपदारही त्यानं बरेच काढले होते. पण आता त्याला हत्तीत रस उरला नाही. त्यानं हार्डवेअरच्या दुकानातून काळा, निळा आणि पांढरा ऑइल पेंट आणला, बैठकीच्या खोलीतली लांब भिंत मोकळी केली, देवांच्या तसबिरी आत हलवल्या आणि जहाज बुडवायला घेतलं.

पहिली अडचण अशी की खंडेरावानं समुद्र पाहिलेलाच नव्हता. मुंबईला माल जायचा तो टेम्पोतून, खंडेराव जायचा नाही. त्याला गाडी लागायची. मग त्यानं विचार केला, पाणी ते पाणी. एका वाऱ्याच्या दिवशी तो गंगापूर धरणावर गेला. लाटा होत्या, पण घोट्याएवढ्या. उभं राहून बघितलं तर धरण, बसून बघितलं तरी धरणच. म्हणून तो काठावरच्या चिखलात पालथा झोपला आणि हनुवटी पाण्याला टेकवली. तेव्हा कुठं लाटा डोंगराएवढ्या दिसायला लागल्या. खंडेरावाला एवढा आनंद झाला की तो ऊन कलेपर्यंत तसाच पडून राहिला. सहलीला आलेल्या एका कुटुंबानं प्रेत समजून आरडाओरडा केला, चार माणसं गोळा झाली, आणि त्यांनी पाय धरून ओढताच प्रेत म्हणालं, "थांबा हो, आत्ता कुठं उजेड तिरपा झालाय."

पाणी जमलं. मग उजेडाचा प्रश्न आला. त्या चित्रातली खुबी उजेडात होती, हे खंडेरावानं बरोबर हेरलं होतं. जिथं तिथं उजेड ठेवला तर बुडणारं जहाज म्हणजे नुसती जत्रा दिसते. त्यानं पोरीला, शुभांगीला, टॉर्च धरायला उभं केलं. ती तेव्हा शाळेत होती. बाप म्हणेल तिथून टॉर्च मारायची: कधी खालून, कधी खिडकीतून, कधी माळ्यावरून. समोर एका परातीत पाणी घेऊन त्यात पितळी तांब्या तिरका ठेवायचा, ते जहाज. शुभांगी हसली की उजेड हलायचा आणि खंडेराव ओरडायचा, "सूर्य हलवू नको गं!"

माणसांसाठी अंबूबाई होती. खंडेरावानं तिला पलंगाचा खांब धरून उभं केलं, केस मोकळे सोडायला लावले आणि सांगितलं, "ही डोलकाठी हाय. जहाज बुडतंय. घाबर."

"कितीक येळ बुडायचं? चुलीवर दूध हाय."

"घाबर म्हनतो ना!"

अंबूबाईला घाबरता यायचं नाही. डोळे मोठे केले की ती घाबरल्यासारखी न दिसता चिडल्यासारखी दिसायची. खंडेरावापुढं दुसरं माणूस नव्हतं, त्यामुळे त्यानं जहाजावर जेवढ्या म्हणून बायका काढल्या, त्या सगळ्या एकजात चिडलेल्या. जहाज खडकावर आपटलं ते नवऱ्याच्या हलगर्जीपणामुळेच, असा त्यांचा चेहरा.

एकदा शेजारची फुलाबाई विरजण मागायला आली. दार उघडंच होतं. आत अंधार, एका कोपऱ्यातून टॉर्चचा झोत, आणि झोतात अंबूबाई केस सोडून, तोंड वासून, खांबाला मिठी मारून उभी. खंडेराव समोर बसून तिला म्हणत होता, "अजून! अजून जोरात!" फुलाबाईच्या हातातून भांडं पडलं. "अंबूला वारं आलं!" असं किंचाळत ती गल्लीभर धावली आणि लिंबू, हळद, कुंकू आणि सात-आठ बायका घेऊन परत आली. अंबूबाई तोवर दूध उतरवत होती. तरी बायकांनी तिच्यावरून लिंबू उतरवलंच. फुलाबाईची ती किंचाळी खंडेरावाला फार आवडली. त्यानं तिला लगेच लाटेखाली अर्धीमुर्धी काढली.

असं करत करत भिंत भरत गेली. पण चित्राचा जो मुख्य माणूस, ज्याच्यावर आभाळातला उजेड पडायचा, तो काही सापडेना. त्याची जागा खंडेरावानं पांढरी ठेवली होती. घरात येणाऱ्याला वाटायचं, तिथं भिंतीचा पोपडा निघालाय.

तो माणूस सापडला सत्त्याण्णव साली, पंचवटीच्या मार्केट यार्डात. खंडेराव भल्या सकाळी चंदर अडत्याला भेटायला गेला होता. चंदर भाजीचा आडतदार. चार गावच्या सोयरिकी जुळवण्याचाही त्याला नाद. तो शांतपणे भेळ खात बसला होता. तेवढ्यात यार्डात एक मोकाट वळू शिरला. सगळे बाजूला झाले, फक्त एक पागोटेवाला जाडजूड गृहस्थ टोमॅटोच्या क्रेटवर चढला. वळू येऊन बरोबर त्याच क्रेटशी थांबला आणि टोमॅटो खायला लागला. वर तो गृहस्थ एक हात आभाळात करून, पागोटं हलवत ओरडत होता. पत्र्याच्या फटीतून उन्हाची एक तिरीप सरळ त्याच्या चेहऱ्यावर आली होती. अर्धा चेहरा लख्ख, अर्धा काळा.

 खंडेराव पुढे सरकला आणि टक लावून बघायला लागला.

"आवो, बगता काय नुसतं? हाकला त्याला!" गृहस्थ ओरडला.

"जरा तसंच ऱ्हावा," खंडेराव म्हणाला. "हात आनखी वर घ्या. तोंड मिटू नका."

शेवटी चंदरनंच उरलेली भेळ वळूपुढं धरून त्याला बाहेर नेलं. गृहस्थ खाली उतरून खंडेरावाकडे यायला लागला, पण खंडेराव चेहरा विसरायच्या आत सायकलवर बसून घरी पोचला होता. त्या दिवशी त्यानं फुलं तोडली नाहीत, जेवला नाही. संध्याकाळपर्यंत पांढऱ्या जागेत तो माणूस उभा राहिला: छातीएवढ्या पाण्यात, एक हात वर, हातात पागोटं, तोंड उघडं, आणि आभाळातला सगळा उजेड त्याच्यावर. जवळच्या होडीत, अंधारात, चंदरही निवांत बसलेला होता. त्याची भेळ तेवढी खंडेरावानं गाळली.

चित्र पुरं झालं. लांबून माणसं बघायला आली. अंबूबाईसुद्धा हात पुसत येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ह्यो मातर खरंच घाबरलाय."

दोन वर्षांनी शुभांगीला बघायला पाहुणे यायचे ठरले. मुलगा कुंदन महाजन, मनमाडला रेल्वेत नोकरी, घर नांदगावचं. सोयरीक चंदरनंच आणली होती. पाहुणे संध्याकाळी आले. आधी चंदर शिरला, मग कुंदन, आणि मग कुंदनचे वडील भिमाजी. भिमाजीनं उंबऱ्यात पागोटं काढून घाम पुसला, आणि खंडेराव दोन पावलं मागं सरला.

टोमॅटोच्या क्रेटवरचा माणूस तो हाच.

भिमाजीनंही खंडेरावाकडे निरखून बघितलं. "तुमाला कुठंतरी पाह्यलंय."

"नाय, नाय," खंडेराव म्हणाला. "मी कुठं जातच नाय."

तो धावत स्वयंपाकघरात गेला आणि अंबूबाईच्या कानात सगळं सांगितलं. अंबूबाईनं पोह्यांचा झारा तसाच हातात धरून कपाळाला लावला. मग दोघांनी मिळून जे सुचलं ते केलं. अंबूबाई बाहेर येऊन "वारा लागतोय" म्हणाली आणि भिंतीवर सतरंजी टांगायला गेली, पण खिळा मिळेना. खंडेरावानं भिमाजीला चित्राकडे पाठ करून, भिंतीला अगदी चिकटून बसवलं आणि बल्बवर फडकं टाकलं, म्हणजे तेवढा कोपरा अंधारात जाईल. सबंध आयुष्यात त्यानं उजेडाचा इतका विचार केला नव्हता.

"तुमी लय अंधारात बसता वो," भिमाजी म्हणाला.

"डोळ्यांना बरं असतं," खंडेराव म्हणाला.

पोहे आले. शुभांगी आली. तिनं सगळ्यांना बशा दिल्या आणि भिमाजीला बशी देताना तिची नजर त्याच्या डोक्यावरून मागच्या भिंतीवर गेली. वर तो, खाली तो. तिला हसू आवरेना. कुंदन समोरच बसला होता. त्यानं ती कशाला हसतेय म्हणून तिकडं बघितलं. बघितलं आणि त्याच्या घशात पोहे अडकले.

एवढ्यात लाइट गेली.

गावाला लाइट जाण्याची सवय होती, म्हणून खंडेरावाला आधी हायसंच वाटलं. पण फुलाबाईचं लक्ष होतं. शेजारधर्म म्हणून ती आपली पेटलेली गॅसबत्ती घेऊन आली आणि तिनं ती नेमकी भिंतीखाली, जमिनीवर ठेवली. खालून पांढराशुभ्र उजेड वर गेला. लाटा उठल्या. जहाज कलंडलं. चिडलेल्या बायकांच्या भुवया छताला जाऊन भिडल्या. बत्तीच्या भुर्र आवाजानं वादळसुद्धा सुटल्यासारखं वाटलं. आणि भिमाजीची सावली बरोबर त्याच्या स्वतःच्या चित्राशेजारी जाऊन उभी राहिली. सगळे तिकडंच बघायला लागले, म्हणून भिमाजीही मागं वळला.



"ह्यो मी हाय," भिमाजी म्हणाला.

खंडेरावानं हात जोडले.

"तुमी ते! वळू आला तवा 'तसंच ऱ्हावा' म्हननारे!"

"चुकलं माझं. पन तुमी उभंच असे ऱ्हायला व्हता..."

भिमाजी बत्ती उचलून भिंतीशी गेला. त्यानं आपलं नाक बघितलं, पागोटं बघितलं, मग शेजारची होडी बघितली. "आन ह्यो कोन, नावंत बसलाय?"

"ह्यो तर मी!" चंदर पोह्यांची बशी घेऊन उठला. इतक्या वेळा घरात येऊन त्याला पत्ता नव्हता. तो एकदम खूश झाला. "बरा आलोय की!"

"चंदर नावंत," भिमाजी म्हणाला, "आन मी पान्यात?"

आता खंडेरावातला चित्रकार जागा झाला. "पाव्हनं, नीट बगा. चंदर नावंत हाय, पन अंधारात हाय. तुमी पान्यात हाय, पन उजेड कुनावर हाय? सगळा तुमच्यावर! आभाळ फाडलंय ते तुमच्यासाठी. तुमाला काढलं तर ह्या चित्रात काय ऱ्हातं?"

भिमाजी विचारात पडला. तो दोन पावलं मागं सरकला, डोळे बारीक केले, मान तिरपी केली. उजेड खरोखरच सगळा त्याच्यावर होता. खंडेरावाला वाटलं, जमलं.

"मला मरायचं नाय," भिमाजी म्हणाला. "उजेडात बी नाय. पोरगी पसंत हाय. सुपारी फोडू. पन आधी मला नावंत घ्या."

कुंदन हळूच शुभांगीला म्हणाला, "तुम्ही कुठं आहात यात?"

"मी नाही," शुभांगी म्हणाली. "मी सूर्य धरते."

कुंदनचंही तिथंच ठरलं.

खंडेरावानं भिमाजीला होडीत घेतलं. हे लिहायला सोपं आहे. पण चित्रातला माणूस पाण्यातून काढायचा म्हणजे आधी त्याच्यावर पाणी घालावं लागतं. पेंटचा ब्रश घेऊन भिमाजीला लाटेखाली घालताना खंडेराव भिंतीला म्हणाला, "जरा दम धरा, पाव्हनं." मग त्याला चंदरशेजारी कोरडा करून बसवला. होडीत बसलेल्या माणसाला तोंड वासायचं काहीच कारण नव्हतं, म्हणून तोंडही मिटावं लागलं.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण ही बातमी फुलाबाईला कळली. ती कमरेवर हात ठेवून आली. "नांदगावचा मानूस नावंत, आन रोज विरजन देनारी मी लाटंखाली?" खंडेरावानं तिलाही होडीत घेतलं. मग लग्नाची आमंत्रणं गेली तसे पाहुणे घरी यायला लागले. आत्या आली, मावसा आला, सिन्नरचा साडू आला. जो तो भिंतीवर आपल्यासारखं नाक शोधायचा, आणि सापडलं की खंडेरावाचा हात धरायचा. ज्यांचं नाक नव्हतं तेसुद्धा म्हणायला लागले, "आमाला बी बसवा की कडंला." होडी लांबवावी लागली. मग आणखी लांबवावी लागली. लग्नाच्या महिन्यात ती एसटीएवढी झाली आणि जहाज तिच्यामागं बापुडवाणं दिसायला लागलं. पाण्यात कुणीच उरलं नाही. आभाळाचं भोक तसंच होतं आणि त्यातून येणारा उजेड मोकळ्या लाटांवर पडत होता.

खंडेराव अंथरुणाला खिळला. ताप नव्हता, खोकला नव्हता. नुसता भिंतीकडे तोंड करून पडायचा आणि म्हणायचा, "कुनीतरी बुडाया पायजे."

अंबूबाईला हळदीची तयारी करायची होती, पापड वाळवायचे होते. तिनं ते ऐकून ऐकून शेवटी म्हटलं, "मग तुमीच पडा की पान्यात. एवढं काय मानसं शोधायची?"

खंडेराव उठून बसला. ही गोष्ट त्याच्या डोक्यातच आली नव्हती. त्यानं आरसा मागवला, शुभांगीला टॉर्च धरायला सांगितलं आणि आरशात बघून घाबरायला सुरुवात केली. पण अंबूबाईसारखंच झालं, घाबरता येईना. तो दात काढायचा, डोळे फिरवायचा, आणि शुभांगी हसून सूर्य हलवायची. जानेवारीची थंडी होती. अंबूबाई काही न बोलता मागच्या दारानं गेली, हौदातून पाण्याची कळशी भरून आणली आणि मागून येऊन त्याच्या डोक्यावर उपडी केली.

"आत्ता बगा आरशात!" ती म्हणाली.

खंडेरावानं बघितलं. तोंड उघडं, हात वर, मिशांतून पाणी गळतंय, अर्धा चेहरा लख्ख. तो कुडकुडत ब्रशकडे धावला. "टॉर्च हलवू नको," एवढंच त्याला बोलता आलं. हळदीच्या आदल्या दिवशी चित्र परत पुरं झालं. सगळे सोयरे होडीत सुखरूप आणि मधोमध, आभाळातल्या सगळ्या उजेडात, एकटा खंडेराव बुडतोय.

लग्नात नवरदेव-नवरीबरोबर फोटो काढायला जेवढी माणसं उभी राहिली, तेवढीच भिंतीपुढं उभी राहिली. भिमाजी प्रत्येकाला आपली जागा दाखवत होता.

दोन हजार तीन साली नांदगावला महाजनांनी नवं घर बांधलं, आणि भिमाजीनं व्याह्याला निरोप पाठवला: आमच्याही भिंतीवर समुद्र काढा, पण कुणी मरायचं नाही. कुंदन म्हणाला, "मामा, आधी खरा समुद्र तरी बघा." तो आणि शुभांगी खंडेरावाला डहाणूला घेऊन गेले. वाटेत गाडी लागायची तेवढी लागली. दुपारची वेळ होती. समुद्र पार सपाट, ओहोटी लागलेली, ऊन सगळीकडे सारखं पडलेलं. खंडेराव बराच वेळ उभा राहिला. मग सवयीनं वाळूत पालथा झोपून हनुवटी टेकवूनही बघितलं. एक खेकडा तेवढा मोठा दिसला.

"हे असंच असतं का?" त्यानं शहाळीवाल्याला विचारलं.

"अजून कसं पाहिजे?" शहाळीवाला म्हणाला.

खंडेराव नांदगावला गेला आणि जे पाहिलं ते काढलं. सपाट निळं पाणी, पांढरं जहाज, डेकवर माणसं रांगेत उभी राहून हसताहेत, सगळ्यांवर सारखा उजेड. भिमाजीला ते फारच आवडलं. गावातले लोक म्हणाले, लय प्रसन्न वाटतं. खंडेरावाला मात्र तिथं जेवण जाईना. पुरणपोळीसुद्धा तो अर्धी ठेवून उठला. परत निघायच्या सकाळी सगळे आंघोळी-पांघोळीत असताना त्यानं ब्रश उचलला आणि आभाळाच्या अगदी उजव्या टोकाला, छताजवळ, एक लहानसा काळा ढग काढला. लिंबाएवढा असेल. मग त्याला बरं वाटलं, आणि त्यानं उरलेली पुरणपोळी मागून घेऊन खाल्ली.

भिमाजी रोज सकाळी चहा घेऊन त्या भिंतीसमोर बसतो. ढग त्याच्या नजरेला पडायला आठवडा गेला. तेव्हापासून आठ-पंधरा दिवसांनी मखमलाबादच्या घरी फोन वाजतो. खंडेरावाला ठाऊक असतं कुणाचा आहे ते.

"व्याही," पलीकडून भिमाजी हळू आवाजात विचारतो, "त्यो ढग वाढत तर नाय ना?"

"आता वारा कसा सुटतोय त्याच्यावर हाय," खंडेराव म्हणतो, आणि फोन ठेवून गुलाब तोडायला जातो.